संत जॉन बॉस्को आणि त्यांचे अंगण

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे देवळाची रंगरंगोटी होते, जुन्या धर्मगुरूंच्या तसबिरी पुसूनपासून पुन्हा भिंतीवर चढतात, आणि शाळेस खोल्या किती, बाके किती, फळे किती याचा हिशेब अभिमानाने मांडला जातो. हे सर्व योग्यच आहे. ज्यांनी पदरमोड करून दगडावर दगड चढविला त्यांचे ऋण मान्य करणे हे आपले कर्तव्य होय. परंतु देऊळ आणि शाळा यांच्या मध्ये जे मोकळे अंगण पसरले आहे त्याचा उल्लेख अहवालात कोठेच येत नाही. कारण त्यावर काही बांधलेले नाही, आणि जेथे काही बांधलेले नाही ती जागा रिकामी, असे आपण समजून चालतो. हा समज कितपत खरा आहे याचा विचार व्हावा, म्हणून आम्ही या स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे. त्यांच्या हातून शाळा, देवळे व कारखाने पुष्कळ उभे राहिले. पण त्यांच्या कार्याचा जीव अंगणात होता, आणि उतारवयात त्यांस जी मोठी काळजी लागली तीही अंगणाचीच होती.

संत जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पिएमोंत प्रांतात, कास्तेलनुओव्हो गावच्या बेक्की नावाच्या वाडीत, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. जॉन दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच त्याचे वडील फ्रान्सिस न्यूमोनियाने वारले. मागे राहिली आई मार्गारेट, वृद्ध आजी आणि तीन मुलगे. थोरला अँथनी हा सावत्र, मधला जोसेफ आणि धाकटा जॉन. वर्ष दुष्काळाचे होते. मार्गारेटबाईंस लिहितावाचता येत नव्हते. परंतु ख्रिस्ती शिकवणूक त्यांस मुखोद्गत होती, आणि ती त्यांनी मुलांस चुलीजवळ व शेताच्या बांधावर शिकविली.

जॉन नऊ वर्षांचा असताना त्यास एक स्वप्न पडले. त्या स्वप्नात त्याने काय पाहिले? घराजवळचे एक विस्तीर्ण अंगण, आणि त्यात खेळणारी पुष्कळ मुले. कोणी हसत होती, कोणी शिव्याशाप देत होती. शिव्या ऐकून जॉन ठोसे उगारीत त्यांच्या अंगावर धावला. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्यास थांबविले, आणि ही मुले मारून नव्हे तर सौम्यतेने व प्रेमाने मित्र करून घ्यावयाची आहेत, असे सांगितले. या स्वप्नाचा अर्थ जॉनला पुढे कित्येक वर्षे उमगला नाही. तथापि त्याने आपल्यापरीने कामास आरंभ केला. जत्रेतील डोंबाऱ्यांचे खेळ बारकाईने पाहून तो ते शिकला, आणि रविवारी घराजवळच्या कुरणात दोर बांधून त्यावर चालू लागला. वाडीतील मुलेमाणसे जमत. खेळ पाहण्यास पैसा लागत नसे. मात्र खेळाच्या मध्ये जपमाळ म्हणावी लागे, आणि सकाळच्या मिस्सेतील प्रवचन जॉनच्या तोंडून ऐकावे लागे.

त्या वयातील त्याचे एक शल्य आम्हां धर्मगुरूंनी विशेष ध्यानी धरण्यासारखे आहे. गावचे धर्मगुरू रस्त्याने जाताना भेटत. जॉन अदबीने नमस्कार करी. तेही सभ्यपणे मान लववीत आणि चालू लागत. दोन शब्द बोलावयास कोणी थांबत नसे. मुलाच्या मनास हे फार लागे. आपण धर्मगुरू झालो तर मुलांजवळ जाऊ, त्यांच्याशी बोलू, असा निश्चय त्याने तेव्हाच केला.

हा निश्चय तडीस जाणे सोपे नव्हते. जॉनने पुस्तके घेऊन बसावे हे अँथनीस रुचेना. घरची भांडणे टळावीत म्हणून आईने १८२८ साली जड अंतःकरणाने त्यास दूरच्या एका शेतावर गडी म्हणून पाठविले. पुढे फादर कालोसो नावाच्या वृद्ध धर्मगुरूंनी त्यास लॅटिन शिकविण्यास घेतले. पण १८३० साली तेही वारले. १८३१ साली जॉन किएरी शहरातील शाळेत दाखल झाला. तेथे पोटासाठी व शिक्षणासाठी त्याने शिंप्याकडे शिवणकाम केले, कॉफीच्या दुकानात राबला, लहान मुलांच्या शिकवण्या घेतल्या. तेथेच त्याने सोबत्यांचे एक आनंदमंडळ स्थापिले. त्याचे नियम साधे होते: आपली कर्तव्ये चोख करावयाची, आणि सदा आनंदी राहावयाचे. १८३५ साली तो सेमिनरीत गेला, आणि ५ जून १८४१ रोजी तुरिन शहरी त्यास गुरुदीक्षा मिळाली. इटलीत धर्मगुरूस डॉन म्हणतात. तेव्हापासून ते डॉन बॉस्को झाले.

तुरिन शहर त्या काळी झपाट्याने वाढत होते. नवी घरे, नवे रस्ते, नवे कारखाने उभे राहात होते, आणि डोंगरी मुलखातील पोरे गवंड्यांच्या हाताखाली विटा-चुना वाहण्यासाठी शहरात येत होती. दिवसभर काम, रात्री मिळेल तेथे पथारी. फादर काफासो यांच्याबरोबर डॉन बॉस्को तुरुंगात जाऊ लागले, तेव्हा बारा ते अठरा वर्षांची धडधाकट मुले गजांआड पाहून त्यांचे काळीज हलले. सुटून गेलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा तेथे दिसत. त्यांस बाहेर आपले म्हणणारे कोणी नव्हते, आणि रविवारी जावयास जागा नव्हती.

८ डिसेंबर १८४१, निष्कलंक मारियेचा सण. असिसीकर संत फ्रान्सिसच्या देवळात डॉन बॉस्को मिस्सेची वस्त्रे परिधान करीत होते. इतक्यात सॅक्रिस्टीत एक अनोळखी पोरगा शिरला. देवळाच्या सेवकाने त्यास मिस्सेस मदत करण्यास सांगितले. आपणांस ते येत नाही असे त्याने म्हणताच सेवकाचे पित्त खवळले, आणि हाती सापडलेल्या काठीने बदडीत त्याने पोरास बाहेर काढले. डॉन बॉस्कोंनी त्या सेवकास दटावले, आणि तो मुलगा आपला मित्र आहे, त्यास ताबडतोब परत बोलवावे, असे बजाविले. मुलगा भीत भीत आला. त्याचे नाव बार्तोलोमेओ गारेल्ली. वय सोळा, आईबाप नाहीत, गवंडीकामावर होता, धर्मशिक्षण शून्य. मिस्सेनंतर डॉन बॉस्कोंनी गुडघे टेकून एक नमो मारिया म्हटली आणि त्यास क्रुसाची खूण करावयास शिकविले. पुढच्या रविवारी तो सोबती घेऊन आला. डॉन बॉस्कोंच्या साऱ्या कार्याचा उगम ते स्वतः याच भेटीपासून मोजीत.

मुले वाढत चालली. रविवारी प्रार्थना, धर्मशिक्षण, आणि मग मनमुराद खेळ, असा जो मेळावा भरे त्यास ओरातोरियो, म्हणजे प्रार्थनास्थान, असे नाव होते. परंतु या प्रार्थनास्थानास स्थानच नव्हते! प्रथम त्याच देवळाच्या आवारात ती मुले जमत. १८४४ साली मार्केसा बारोलो या दानशूर बाईंच्या संस्थेत जागा मिळाली, आणि त्या वर्षीच्या ८ डिसेंबरला तेथे संत फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाने लहानसे प्रार्थनामंदिर सुरू झाले. पण ती जागा रुग्णालयासाठी हवी होती, म्हणून १८४५ साली मुलांस निघावे लागले. एका जुन्या दफनभूमीच्या आवारात ती गेली, तर तेथील धर्मगुरूंच्या घरकामाच्या बाईने गोंगाटाबद्दल कागाळी केली. नदीकाठच्या गिरण्यांजवळच्या देवळात गेली, तर गिरणीवाल्यांनी तक्रार केली. मोरेत्ता यांच्या घरात तीन खोल्या घेतल्या. तेथे १८४५–४६ च्या हिवाळ्यात रात्रीची शाळा भरू लागली. पण शेजारची बिऱ्हाडे वैतागली आणि तीही जागा गेली. शेवटी एक उघडे कुरण भाड्याने घेतले, तर मालकांनी येऊन सांगितले की, मुलांच्या पायांनी गवताची मुळेसुद्धा नष्ट होत आहेत!

नगराच्या बंदोबस्ताचे प्रमुख मार्क्विस काव्हूर यांस हा जमाव धोक्याचा वाटू लागला. आपल्या मुलांसाठी पुढे अंगण असेल, देऊळ असेल, कारखाने असतील, असे डॉन बॉस्को सांगत; ते ऐकून त्यांच्या स्नेह्यांसही त्यांच्या डोक्याविषयी शंका आली. दोन धर्मगुरू त्यांस वेड्यांच्या इस्पितळात नेण्यासाठी गाडी घेऊन आले होते, अशी हकिकत सर्वश्रुत आहे. डॉन बॉस्कोंनी आदराने त्या दोघांसच आधी गाडीत बसविले, दार लावून घेतले आणि गाडीवानास गाडी हाकावयास सांगितली!

१८४६ सालचा झावळ्यांचा रविवार हा त्या कुरणातील शेवटचा दिवस होता. मुले खेळत होती, आणि पुढच्या रविवारी त्यांस कोठे बोलवावे हे ठाऊक नसल्यामुळे डॉन बॉस्को एका बाजूस होऊन डोळे पुसत होते. तेवढ्यात एक तोतरा मनुष्य आला. वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या गृहस्थाची एक जागा भाड्याने मिळण्यासारखी आहे, असे वर्तमान त्याने आणले. जागा म्हणजे काय, तर घराच्या पाठीशी टेकलेली एक ठेंगणी पडवी! छप्पर इतके खाली की, जमीन खणून खोल केल्यावाचून उभे राहता येईना. पिनार्दीने ती खणून देण्याचे कबूल केले. भोवतालचे अंगण खेळावयास मिळाले. १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थानाच्या सणादिवशी, त्या पडवीत मिस्सा झाली. वणवण केलेल्या मुलांस ती पडवी एखाद्या मोठ्या देवळाहून प्यारी वाटली असल्यास नवल नाही.

त्याच वर्षी जुलै महिन्यात अतिश्रमाने डॉन बॉस्को मरणोन्मुख झाले. गवंडीकाम करणाऱ्या पोरांनी उपास धरले, नवस केले, पाळीपाळीने देवळात गुडघे टेकले. आणि परमेश्वराने त्यांचे ऐकले. बरे झाल्यावर ३ नोव्हेंबर १८४६ रोजी ते बेक्कीहून पायी चालत वाल्दोक्कोस परतले. या खेपेस आई बरोबर होती. अठ्ठावन्न वर्षांची ती बाई आपले घर, शेत व नातवंडे सोडून दुसऱ्यांच्या पोरांची आई होण्यास आली. घरात काही नव्हते, तेव्हा तिने लग्नातील वस्त्रे व दागिना मोडला. मे १८४७ मध्ये एका पावसाळी रात्री चिंब भिजलेला एक अनाथ मुलगा दारात आला. त्यास तिने स्वयंपाकघरात निजविले आणि निजण्यापूर्वी त्यास हिताचे दोन शब्द सांगितले. तो त्या घरचा पहिला निवासी विद्यार्थी. रात्री निजण्यापूर्वी मुलांस दोन शब्द सांगण्याचा प्रघात डॉन बॉस्कोंच्या शाळांत तेव्हापासून चालत आला आहे.

या माउलीने घराजवळ भाजीचा एक वाफा केला होता. घरखर्चास त्याचाच आधार. एके दिवशी मुलांनी अंगणात लढाईचा खेळ मांडला, आणि जयजयकार करीत दोन्ही फौजा त्या वाफ्यावरून गेल्या. एक कांदा, एक पान शिल्लक राहिले नाही. मार्गारेटबाईंनी बरेच दिवस सोसले होते. मग एकदा त्या मुलाजवळ बसल्या आणि आपले कपडे फाडले जातात, भांडी हरवितात, भाजी तुडविली जाते, आता आपणांस गावी जाऊ द्यावे, असे डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या. डॉन बॉस्को काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त भिंतीवरील क्रुसाकडे बोट केले. आईने वर पाहिले, आणि ती पुन्हा कामास लागली. २५ नोव्हेंबर १८५६ रोजी मरण येईपर्यंत ती तेथेच राहिली. त्या जागी भाजी जावी की मुले जावीत, असा प्रश्न होता, भाजी गेली.

पुढची हकिकत भरभराटीची आहे. १८५१ साली डॉन बॉस्कोंनी पिनार्दीचे घर विकत घेतले. २० जून १८५२ रोजी संत फ्रान्सिस डी सेल्सच्या नव्या देवळास आशीर्वाद देण्यात आला. त्याच वर्षी डिसेंबरात चालू बांधकामाचा मोठा भाग रात्री कोसळला; दैवयोगाने कोणी दगावले नाही, आणि बांधकाम पुन्हा सुरू झाले. १८५३ साली चांभारकाम व शिवणकाम यांच्या शाळा निघाल्या, पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम, छापखाना, लोहारकाम. रात्रीच्या वर्गांत गवंड्यांची पोरे वाचन, हिशेब व नव्याने येऊ घातलेली मेट्रिक मापे शिकत. १८६८ साली ख्रिस्ती लोकांची साहाय्यकारिणी मारिया हिच्या भव्य देवळाचे समर्पण झाले. मात्र या साऱ्या इमारती अंगणाभोवती उभ्या राहिल्या, अंगणावर नव्हे. जेवणानंतर डॉन बॉस्को स्वतः अंगणात येत, मुलांबरोबर धावत, गोष्टी सांगत. आणि खेळता खेळता एखाद्याच्या कानात हळूच असा एक शब्द बोलत की, तो मुलगा संध्याकाळी आपण होऊन पापनिवेदनास येई. वर्गात मुलगा जे लपवितो ते खेळात उघड होते, हे त्यांनी ओळखले होते. याच अंगणात १८५४ ते १८५७ या काळात संत डॉमिनिक सावियो वाढला.

अशा अंगणात वाढलेली मुले शेजाऱ्याच्या उपयोगी पडतात काय? १८५४ साली तुरिनमध्ये पटकीची साथ आली, आणि वाल्दोक्कोच्या शेजारच्या वस्तीत तिचा कहर झाला. आजाऱ्यांस उचलण्यास माणसे मिळेनात. डॉन बॉस्कोंनी विचारताच त्यांची चव्वेचाळीस मुले पुढे झाली. ज्या शेजाऱ्यांस त्यांचा गोंगाट सोसवत नव्हता, त्यांच्यासारख्यांच्याच खाटांजवळ ती दिवसरात्र राबली. त्यांपैकी एकासही रोग झाला नाही.

१८ डिसेंबर १८५९ रोजी अंगणातीलच काही तरुण हाताशी घेऊन डॉन बॉस्कोंनी सालेशियन संघ स्थापिला. १८७२ साली संत मरिया माझारेल्लो यांच्यासह धर्मभगिनींचा संघ स्थापिला. १८७५ साली त्यांचे पहिले मिशनरी आर्जेंटिनास गेले. शाळा वाढल्या, मान वाढला. आणि येथेच या चरित्रातील आम्हांस सर्वांत बोचणारा प्रसंग येतो.

१८८४ सालच्या मे महिन्यात डॉन बॉस्को रोमला होते. वय अडुसष्ट, शरीर खचलेले. तेथून १० मे रोजी त्यांनी वाल्दोक्कोच्या आपल्या लोकांस पत्र धाडिले. त्यात त्यांनी एका स्वप्नाची हकिकत लिहिली. जुन्या दोन विद्यार्थ्यांनी त्यांस दोन अंगणे दाखविली. पहिले पूर्वीचे: कोणी धावत आहे, कोणी चेंडू खेळत आहे, कोठे एक धर्मगुरू गोष्ट सांगत असून मुले त्याच्या तोंडाकडे पाहात आहेत, हास्य, गाणी आणि विश्वास. दुसरे त्या दिवसांतील: जागा तीच, मुले अधिक, पण कोणी खांबास टेकून कंटाळलेले, कोणी जिन्यात व कोपऱ्यात कुजबुजणारे, आणि खेळणारेही मन नसल्यासारखे. आणि वडीलधारे कोठे होते? मुलांत फारच थोडे. काही आपसांत बोलत हिंडत होते, काही दुरून नजर ठेवीत होते. इमारती पूर्वीहून मोठ्या होत्या, नियम पूर्वीहून पक्के होते. पण वडील माणूस अंगणातून निघून गेला होता. मुलांवर नुसते प्रेम असून भागत नाही, आपल्यावर प्रेम आहे हे त्यांस कळले पाहिजे, आणि ते कळावे तर त्यांस जे आवडते त्यात आपण उतरले पाहिजे, हा त्या पत्राचा सारांश होय.

वाचकहो, हे पत्र आम्ही सेमिनरीत असताना प्रथम वाचले, आणि फार सुंदर म्हणून बाजूस ठेविले. या महोत्सवासाठी ते पुन्हा वाचले तेव्हा मात्र आम्हांस लाज वाटली. तीन वर्षांपूर्वी शाळेच्या कचेरीची काच चेंडूने फुटली, मारियेच्या गुहेपुढील फुलझाडे तुडविली गेली, आणि संध्याकाळच्या भक्तीत आरडाओरड ऐकू येते अशी कुरकुर झाली. खेळणाऱ्यांत काही मुले आपल्या शाळेची नव्हती, काही आपल्या धर्माचीही नव्हती. आम्ही फार विचार न करता शाळा सुटताच फाटकास कुलूप घालण्याची आज्ञा केली. काच तेव्हापासून फुटली नाही. फुलझाडे उत्तम आहेत. पण दफनभूमीजवळची ती बाई, गिरणीवाले, कुरणाचे मालक आणि काठीवाला सेवक या सर्वांच्या रांगेत आम्ही स्वतः जाऊन उभे राहिलो, हे आम्हांस तीन वर्षे दिसले नाही. मुले आता संध्याकाळी कोठे असतात हेही आम्ही कोणास विचारले नाही.

३१ जानेवारी १८८८ च्या पहाटे डॉन बॉस्को प्रभूच्या घरी गेले. ज्यांनी १८८३ साली तरुण धर्मगुरू म्हणून वाल्दोक्कोस मुक्काम करून त्यांचे कार्य डोळ्यांनी पाहिले होते, त्याच पोप अकरावे पायस यांनी १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थानाच्याच सणादिवशी, त्यांस संतपद दिले. त्यांचे अनुयायी १९०६ साली आपल्या देशात तंजावरास आले. मुंबईतील माटुंग्याची त्यांची शाळा आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली आहे. आणि १९४६ साली ते पणजीस गेले तेव्हा तेथेही त्यांनी कार्यास आरंभ केला तो मुलांसाठी ओरातोरियो काढूनच. पिनार्दीच्या पडवीची जागा वाल्दोक्को येथे आजही एका लहान प्रार्थनामंदिराच्या रूपाने जतन केलेली आहे.

आता या अंगणाविषयी आमची विनंती. फाटकाचे कुलूप महोत्सवाच्या मिस्सेच्या दिवशी निघेल, आणि त्यानंतर रोज सायंकाळी पाचपासून प्रार्थनेची घंटा होईपर्यंत फाटक उघडे राहील. येणारे मूल कोणाचे, असे कोणी विचारू नये. फुटलेल्या काचांचा खर्च आम्ही आमच्या वाट्याचा समजू. परंतु नुसते फाटक उघडून अंगण जिवंत होत नाही, हे १८८४ चे पत्र सांगते. म्हणून चिंचेखालच्या बाकावर रोज एक तरी वडील माणूस असावे. सोमवार व गुरुवार आम्ही पत्करले आहेत. उरलेले वार निवृत्त शिक्षकांनी, आयाबायांनी व तरुण मंडळींनी वाटून घ्यावेत, आणि आपली नावे सॅक्रिस्टीत द्यावीत. संत जॉन बॉस्को आपल्या मुलांसाठी व आपणां सर्वांसाठी प्रभूजवळ रदबदली करोत.